वहीतले चार रकाने

४ फेब्रुवारी

प्रिय दादा,

रविवारी फोनवर तू विचारलंस, प्लॉटचं काय झालं, आणि मी विषय तिकडच्या थंडीवर नेला. तुला वाटलं असेल, चिमी आता कार्यालयातली बाई झाली, सरळ उत्तर देत नाही. तसं नाही रे. आई शेजारी बसली होती, आणि तिच्यासमोर 'कदाचित' म्हणायची सोय नाही. तिला 'कदाचित' ऐकूच येत नाही, ती थेट 'हो' ऐकते आणि खालच्या मजल्यावर सांगून मोकळी होते. म्हणून आपली जुनी पद्धत बरी. पत्र मी घरी आणत नाही, तूही कार्यालयाच्या पत्त्यावरच पाठव.

तर ऐक. शहराचा पुढच्या वीस वर्षांचा विकास आराखडा आमच्याकडे तयार होतोय. मागच्या वेळी मी नवीन होते. तेव्हा रस्ता किती रुंद, बाजार कुठे, शाळा किती, एवढंच बघायचं होतं. यावेळी नव्या मॅडम आल्यात. पहिल्याच बैठकीत त्यांनी विचारलं, गेल्या पाच वर्षांत शहरात पाणी कुठे कुठे तुंबलं ते कोण दाखवेल? आम्ही सगळे नकाशे काढणारे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलो. शेवटी चहा घेऊन आलेल्या शिपायाने ट्रे खाली ठेवला आणि बावीस जागांवर बोट ठेवून दाखवलं. मॅडमनी त्याला खुर्ची दिली. आमचे मोठे साहेब अजून त्या खुर्चीबद्दल बोलतात.

पाऊस आता पूर्वीसारखा राहिला नाही. महिनाभराचा दोन दुपारींत कोसळतो आणि मग पंधरा दिवस तोंड दाखवत नाही. त्यामुळे मॅडमचं म्हणणं असं, की आधी पाण्याची जागा ठरवा, मग माणसांची. डोंगराकडचे जुने ओढे मोकळे करायचे, डेपोचं मैदान फरशी काढून मातीचं ठेवायचं, आणि नदीच्या दोन्ही काठांनी एक निळी रेष मारायची. सगळ्यात मोठ्या पुराचं पाणी जिथवर चढलं होतं त्याच्या वर आणखी दोन फूट, पुढे येणाऱ्या पावसांसाठी. त्या रेषेच्या आत नवीन बांधकाम बंद.

ती रेष ओढायचं काम तुझ्या बहिणीकडे आलंय. आपला प्लॉट आत जातो की बाहेर राहतो, हे मला अजून माहीत नाही. माहीत करून घ्यायची भीती वाटते, म्हणून मी वरच्या पुलापासून सुरुवात केली आहे. आपल्याकडे पोहोचायला तीन आठवडे लागतील.

तुझी,
चिमी


१७ फेब्रुवारी

प्रिय चिमे,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं, मग डब्याच्या पिशवीत ठेवून कामावर नेलं. आमच्या शीतगृहात उणे अठरा असतं. यंत्र तपासून बाहेर आलं की चष्म्यावर वाफ धरते आणि दोन मिनिटं काही म्हणजे काही दिसत नाही. बाकीचे चष्मा पुसतात. मी पुसत नाही. तेवढ्या वेळात मी जोत्यावर चढतो, विहिरीला वळसा घालतो आणि नदीकडे तोंड करून उभा राहतो. हसू नकोस. बावीस वर्षं माणूस परक्या गावात दुसऱ्यांचे मासे गार ठेवत असला की त्याला असले चाळे सुचतात.

घर मोठं नको. तीन खोल्या, आईला जिना नको, आणि नदीच्या बाजूला एक ओटा. जुन्या घराची मागची भिंत बसली आणि तू आईला तुझ्याकडे नेलंस, त्याला सहा वर्षं झाली. दर रविवारी ती मला एकच विचारते, घराचं कुठवर आलं? आणि मी दर रविवारी म्हणतो, होतंय. आता मला खरंच यायचंय, चिमे. पुढच्या वर्षी पन्नास पूर्ण होतील. इथे माझ्या नावाने हाक मारणारं कोणी नाही. सगळे 'मेकॅनिक' म्हणतात, आणि मीही ओ देतो.

एक विचारायचं होतं. सगळ्यात मोठा पूर म्हणजे माझ्या अठराव्या वर्षीचाच ना? त्याची पातळी तुम्ही कुठून घेता? लोकांना विचारून, की बाबांच्या वहीतून?

तुझा,
दादा


३ मार्च

प्रिय दादा,

बसून वाच. प्लॉट सुटला.

अर्ध्या फुटाने सुटला. पण नापास होता होता वाचलेला मुलगाही पासच असतो. आणि सोडवला कोणी, तर बाबांनी. तू वहीचं विचारलंस तेव्हा मला वाटलं, दादालाही बाबांचा अभिमान मिरवायचाय. मिरव. पुलाच्या खांबावरची पट्टी बघून बाबा दर तासाला वहीत आकडा लिहायचे, त्या सगळ्या वह्या आमच्या तळघरात कापडात बांधून ठेवलेल्या निघाल्या. मॅडम म्हणाल्या, बत्तीस वर्षांत एकही रकाना मोकळा न सोडणारा माणूस त्यांनी दुसरा पाहिला नाही. मी म्हटलं, ते माझे वडील.

त्या पुरात पट्टीवर जास्तीत जास्त छत्तीस आहे. दोन फूट वर धरले की अडतीस. आपलं अंगण साडेअडतीसला. सगळं कसं रेषेवर येऊन थांबलंय बघ.

परवा खालच्या आळीत सभा होती. खालची आळी म्हणजे वळणापलीकडची, तुझे सगळे मित्र राहायचे ती. तिथल्या इस्त्रीवाल्या आजी उठल्या आणि म्हणाल्या, छत्तीस-बित्तीस काही नाही, त्या दिवशी पाणी माझ्या खिडकीवरून आत आलं. चारदोन म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. मोठे साहेब माझ्याकडे बघायला लागले. मग मी उभी राहिले आणि बाबांचं पान वाचून दाखवलं. एक वाजता पस्तीस, दोनला छत्तीस, तीनला छत्तीस, चारला चौतीस. म्हटलं, आजी, इतक्या वर्षांत पाणी आठवणीत वाढतं, वहीत वाढत नाही. लोक हसले. आजी खाली बसल्या. जरा वाईट वाटलं, पण नियम तो नियम.

खालच्या आळीतली चाळीस घरं आता रेषेबाहेर राहतील, त्यांना वरचे मजले चढवता येतील. आणि गोड बातमी शेवटी. आपल्या प्लॉटला लागून जी मोकळी जागा आहे तिथे नवीन दवाखाना येतोय, वीस खाटांचा. आईला जिन्याशिवाय घर आणि शेजारी डॉक्टर! तिला मी सांगून टाकलं. तिने लगेच स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला ठरवली, संध्याकाळी पश्चिमेला नेली, आज परत पूर्वेला आहे.

हरकती आणि सूचना घ्यायची मुदत पंधरा एप्रिलपर्यंत. त्यानंतर रेष पक्की. तू रजेचा अर्ज टाक.

चिमी


१४ मार्च

दादा,

तुझ्या पत्राची वाट न बघता लिहिते आहे. रविवारी फोनवर तू आईशी बोललास, माझ्याशी 'हं' आणि 'बरं'. आई म्हणाली, आनंदाने त्याला बोलता येईना. मला ते आनंदाचं वाटलं नाही. तब्येत बरी आहे ना? नोकरीत काही झालंय का? तिकडे कोणी बाई असेल आणि तिला नदी आवडत नसेल, तर तेही सांग, मी आईची समजूत घालेन. गप्प बसू नकोस. तुझं गप्प बसणं मला लहानपणापासून भिववतं.

चिमी


२४ मार्च

प्रिय चिमे,

बाई नाही. तब्येत ठीक आहे. हे पत्र मी चार वेळा लिहून फाडलं.

ते चार आकडे बाबांचे नाहीत. माझे आहेत.

त्या पावसात बाबांना न्यूमोनिया झाला आणि दवाखान्यात ठेवावं लागलं. आई त्यांच्यापाशी, तू आठ वर्षांची, मावशीकडे. बाबांनी बदली माणूस मागवायला हवा होता. पण आलेला बदली माणूस परत जात नाही, अशी त्यांना धास्ती. म्हणून वही माझ्या हातात दिली आणि सांगितलं, माझ्यासारखं तिरकं अक्षर काढ, आणि जे डोळ्यांनी दिसलं नाही ते लिहू नकोस, रकाना मोकळा सोड. सहा दिवस मी तासातासाला पुलावर गेलो. मला त्याचा फार अभिमान होता.

सातव्या दिवशी बारा वाजता पट्टीवर चौतीस होतं. एकला निघालो तर अंगणात पाणी. बघता बघता ते पायऱ्या चढलं, उंबऱ्यावरून आत आलं, आणि मी वही सदऱ्यात घालून माळ्यावर चढलो. चारपर्यंत तिथेच होतो. खाली आपल्या घरात गुडघाभर पाणी फिरत होतं आणि आईचे डबे एकमेकांवर आपटत होते. उंबरा पट्टीच्या हिशोबाने चाळीसला होता. म्हणजे पाणी एक्केचाळीसच्या वर गेलं असणार. इस्त्रीवाल्या आजींचं बरोबर आहे. त्यांच्या खिडकीवरून गेलंच असेल.

पाच वाजता ओसरलं. आपलं घर पुलाच्या अलीकडे, एकटं. कोणी बघायला आलं नाही, ज्याला त्याला आपापलं निस्तरायचं होतं. मी चार दिवस गाळ उपसला, फरशी धुतली, गाद्या वाळवल्या. आई परत आल्यावर म्हणाली, पोराने घर आरशासारखं ठेवलंय. तिने नाक मुरडून वास घेतला, पण पावसाळ्यात सगळ्याच घरांना वास येतो.

आई कायम काय म्हणायची ते तुला आठवत असेल. ज्या दिवशी उंबऱ्याच्या आत पाणी येईल त्या दिवशी मी या घरात एक तास राहणार नाही. ती बोलल्याप्रमाणे करणारी बाई. आणि मला तिथून जायचं नव्हतं, चिमे. मला त्या घरापलीकडे काही नको होतं. म्हणून मोकळे सोडायचे ते चार रकाने मी रात्री भरले. पाणी अंगणालाही शिवलं नाही असे बेताचे आकडे बघून घातले. बाबांनी नंतर पान बघितलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. अजून तो हात उतरलेला नाही.

तुझं मार्चचं पत्र आलं तेव्हा आधी मला आनंद झाला, हे कबूल करतो. दोन दिवस मी खूष होतो. म्हटलं, एकतीस वर्षांपूर्वीचं कोण उकरतंय. मग दवाखाना डोळ्यांसमोर यायला लागला. वीस खाटा, आणि खाटेवरच्या माणसाला माळ्यावर चढता येत नाही.

सोबत तुमच्या छापील नमुन्यात हरकत भरून पाठवली आहे, सही करून. ती दे. मला तुझ्या हातूनच द्यायची आहे, चोरून नको.

दादा


६ एप्रिल

दादा,

तुझा लिफाफा तीन दिवस माझ्या खणात आहे. वर फूटपट्ट्या ठेवल्या आहेत.

मी भर सभेत एका म्हातारीला खोटं पाडलं. तुझ्या आकड्यांवर. लोकांना हसवलं. रोज कार्यालयात जाताना तिच्या टेबलावरून जावं लागतं, आणि ती मला बघून इस्त्री थांबवत नाही, एवढंच. ती काही बोलली असती तर बरं झालं असतं.

आणि तू काय केलंस? कोणालाही पाठवता आली असती हरकत. टपालाने थेट मॅडमना. पण नाही, चिमीच्या हातात द्यायची. म्हणजे तुझं घर मी बुडवायचं. आईला मी सांगायचं. तू तिकडे चष्म्यावर वाफ धरून उभा.

खरं सांगू? ही हरकत दिली नाही तर कोणाला कळणार नाही. अडतीसची रेष पक्की होईल, तू येशील. सहा वर्षं मी आईचं 'घराचं कुठवर आलं' ऐकते आहे, आणि मलाही तू हवा आहेस रे. मलाही कोणीतरी मोठं माणूस हवंय घरात. मी आता एक्केचाळीसची रेष ओढून बघितली, वर दोन फूट धरून, नुसत्या पेन्सिलीने. आपला प्लॉट पूर्ण आत जातो. विहीरसुद्धा. मग खोडली. मग परत ओढली. कागद तिथे पातळ झालाय.

तुझं उत्तर येईपर्यंत मुदत संपलेली असेल, हे मला माहीत आहे. फोन करू नकोस. आई असते.

चिमी


२९ एप्रिल

प्रिय दादा,

मागच्या पत्राबद्दल माफ कर, किंवा करू नकोस, तुलाही थोडं लागायलाच हवं होतं.

चौदा तारखेला हरकत दिली. आवक घेणाऱ्या कारकुनाने तीनदा वाचली. म्हणाला, ताई, लोक प्लॉट रेषेबाहेर काढा म्हणून भांडतात, हा गृहस्थ स्वतःचाच आत घाला म्हणतोय, याला रकानाच नाही. मी म्हटलं, मग 'इतर' मध्ये टाका. नंतर मॅडमच्या खोलीत गेले आणि सांगितलं की हा माझा भाऊ आहे, अक्षर त्याचं आहे, आणि सभेत मी जे वाचलं ते चूक होतं. त्यांनी हरकत वाचून काढली. मग एवढंच म्हणाल्या, "आजींकडे आधी आपण दोघी जाऊ."

गेलो. मी माफी मागितली. आजींनी कपाट सरकवायला लावलं. मागे भिंतीवर तेव्हाचा डाग तसाच आहे, इतकी वर्षं कपाटाने झाकला म्हणून रंग लागला नाही. मोजणीदाराने दुर्बीण लावली. एक्केचाळीस आणि वर चार बोटं. आजी म्हणाल्या, मी सांगत होते तेव्हा दुर्बीण कुठे होती? मॅडमनी ते वाक्य अहवालात लिहून घेतलं. आता प्रत्येक आळीत आधी जुन्या माणसांना विचारायचं, खुणा दाखवायला लावायच्या, मग वह्या उघडायच्या, असं ठरलंय.

रेष त्रेचाळीसवर गेली. दवाखाना टेकडीच्या रस्त्याला हलला. खालच्या आळीतल्या चाळीस घरांना नवीन मजले मिळणार नाहीत, म्हणून बरेच जण चिडले आहेत. एकाने मला रस्त्यात अडवलं. त्यांना वर जागा द्यायची, घरं बांधेपर्यंत पावसात हलवायची सोय करायची, असं आराखड्यात घातलंय. घातलंय म्हणजे होईलच असं नाही, पण मी त्या पानाच्या मागे लागणार आहे. आपल्या प्लॉटवर आणि शेजारच्या जागेवर आता हिरवा रंग आहे. पूर आला की पाण्याने तिथे पसरायचं. रंग मीच भरला. कुठेही रेषेबाहेर गेला नाही.

आईला काल सांगितलं. सगळं, गुडघाभर पाण्यासकट. ती दोन तास गॅलरीत बसून होती. मग कागद मागितला. तिचं पत्र सोबत आहे, मी वाचलेलं नाही.

तुझी,
चिमी


(सोबतचा कागद)

बाळा,

चिमीने सांगितलं. चार दिवस एकट्याने गाळ काढलास. तेव्हा सांगितलं असतंस तर मी ओरडले असते, एक तास बाहेर जाऊन बसले असते, आणि मग परत येऊन तुझ्याबरोबर फरशी पुसली असती. माझं बोलणं तू फार खरं धरलंस. आईचं सगळंच बोलणं खरं धरायचं नसतं.

बाबा गेले तेव्हा आलास, त्याला आठ वर्षं झाली. चिमी म्हणते, आता घर होणार नाही म्हणून तू येणार नाहीस असं तुला वाटत असेल. मला हसू आलं आणि मग रडूही आलं. अरे, दर रविवारी मी घराचं विचारायचे, कारण तू कधी येतोस हे विचारलं की तू गप्प व्हायचास. घराचं विचारलं की बोलायचास. म्हणून मी खिडक्या फिरवत बसले. मला खिडकी कुठेही चालते.

इथे दोनच खोल्या आहेत. नदी दिसत नाही, समोरच्यांचे कपडे दिसतात. तुझ्यासाठी दाराजवळ गादी घालू, वारा चांगला येतो.

घर बांधू नकोस. तू ये.

आई